भैरोबाची नऊ दिव्यांची माळ

तात्यासाहेब इंगवले यांची पिकअप सकाळी चालू होत नसे. गुळाच्या ढेपा भरून ती रात्रभर गुऱ्हाळाच्या दारात उभी राही आणि सकाळी चावी फिरवली की नुसती टकटक करी. मग चार गडी ती ढकलीत, तात्यासाहेब मागून ओरडत, आणि चार किलोमीटरवरच्या बाजारात गूळ पोहोचेपर्यंत सौदे उरकलेले असत.

वर्षभरात तीन बॅटऱ्या बदलून झाल्या. तीन मेकॅनिक येऊन गेले. तिघांनीही आधी केबिनमधल्या भैरोबाच्या तसबिरीला नमस्कार केला, मग बॅटरीवर ठपका ठेवला. आता चौथी बॅटरीही दगा देऊ लागली तेव्हा ठपका ठेवायला एकच जागा उरली होती. ती म्हणजे ड्रायव्हर सिद्राम.

"हा रात्री गाडीत बसून गाणी ऐकतो," तात्यासाहेबांनी निकाल दिला. "सोमवारी सकाळी गाडी चावीवर चालू झाली नाही, तर चावी इथं ठेवायची आणि घरी जायचं."

सिद्रामची बायको शेवंता तालुक्याच्या एका दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून देण्याचे काम करी. शनिवारी ती मीटर घेऊन गुऱ्हाळावर आली.

"मालक, एकदा मला बघू द्या."

"तीन मेकॅनिक हरले. तू काय बघणार?"

"त्यांनी जे बघितलं नाही ते."

उत्तर तात्यासाहेबांना रुचले नाही. त्यांनी अट घातली. "बघ. पण नवीन काही विकत आणायचं नाही. आणि भैरोबाची माळ क्षणभरही विझता कामा नये. गाडी उभी असो की चालू, ती अखंड आहे."

तसबिरीभोवती नऊ बल्बांची माळ होती आणि तिची वायर थेट बॅटरीवर नेलेली होती.

"बॅटरी बसते तेव्हाही अखंड असते?" शेवंताने विचारले.

"तेव्हा मंद होते. विझत नाही," तात्यासाहेब गंभीरपणे म्हणाले.

शेवंताने गाडी ढकलून चालू करवली आणि बॅटरीवर मीटर लावला. काटा चौदा व्होल्टच्या पुढे गेला. "अल्टरनेटर निर्दोष आहे," ती म्हणाली. "चालू गाडीत तो बॅटरी नीट भरतो." मग तिने शेडच्या कोपऱ्यात टाकून दिलेल्या तीन बॅटऱ्यांपैकी एक उचलून दुकानात नेली आणि चार्जिंगला लावली. गाडीतलीही त्याच रात्री पुरती भरून घ्यायला सिद्रामला सांगितले. रविवारी दुपारी मीटर लावून पाहिला, तर टाकलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर स्थिर होती.

"ही मेली नव्हती," ती नवऱ्याला म्हणाली. "उपाशी होती."

"मग खातंय कोण?"

"एक रात्र माळेची वायर बॅटरीवरून सोडून ठेवली की कळेल. पण वायर सोडली की माळ विझणार, आणि माळ विझली की तुमची नोकरी विझणार."

संध्याकाळी शेवंता ती टाकलेली बॅटरी घेऊन गुऱ्हाळावर गेली. ती तिने सीटवर ठेवली, तिच्या वायरी आधी माळेला जोडल्या आणि मगच माळेची वायर गाडीच्या बॅटरीवरून काढली. नऊ बल्बांपैकी एकही लुकलुकला नाही. तात्यासाहेब डोळ्यांत तेल घालून पाहत होते. त्यांना हरकत घ्यायला जागा सापडेना.

"हे काय केलंस?"

"काही नाही, मालक. देवाला वेगळं ताट वाढलं."

सोमवारी सकाळी चारही गडी बाह्या सरसावून गाडीमागे उभे राहिले. सिद्रामने चावी फिरवली. पिकअप पहिल्या हिसक्याला चालू झाली, आणि ढकलायला वाकलेले गडी तसेच वाकून राहिले. सीटवरच्या बॅटरीला मीटर लावला तेव्हा काटा अकराच्या आसपास घुटमळत होता. बल्ब हळदीसारखे पिवळे पडले होते.

"मालक, पहिला बल्ब कधी लावला?" शेवंताने विचारले.

"गाडी घेतली तेव्हा. हौसेनं."

"तेव्हा गाडी बंद पडायची?"

"वर्षात एकदा पडली. म्हणून नवस बोललो आणि दुसरा लावला."

"मग?"

"मग तीन महिन्यांनी पडली. पुन्हा नवस बोललो, तिसरा लावला."

"पाच झाले तेव्हा?"

"महिन्याला पडायची."

"आणि नऊ झाल्यावर?"

"रोज..." तात्यासाहेब मध्येच थांबले. त्यांनी माळेकडे पाहिले, मग सिद्रामकडे, मग पुन्हा माळेकडे. "म्हणजे माझ्या भक्तीनं गाडी बंद पडते म्हणतेस?"

"भक्तीला कोण बोल लावील? चार किलोमीटरच्या फेरीत अल्टरनेटर जेवढं भरतो, त्याच्या कितीतरी पट माळ रात्रभर खाते, एवढंच. देवळात गुरव शेजारती करून देवाला निजवतो आणि पहाटे काकडआरतीला उठवतो. तुमच्या गाडीतल्या देवाला गाडी घेतल्यापासून झोप नाही."

"मग माळ उतरवू?"

"उतरवायची कशाला? तिची वायर चावीवर घेते. चावी फिरली की काकडआरती, चावी काढली की शेजारती."

तात्यासाहेबांनी हनुवटी खाजवली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक अडचण आहे. आज गाडी चालू झाली तर दहावा बल्ब लावीन, असं काल मी बोलून बसलोय."

"तो देवळात लावा, मालक," शेवंता म्हणाली. "तिथं विझवायला गुरव आहे."

तात्यासाहेब असे हसले की काहिलीवर रस आटवणारा गुळव्या झारा तसाच धरून बाहेर डोकावला. हसता हसताच त्यांनी चावी सिद्रामच्या हाती कायमची दिली, गुऱ्हाळाच्या सगळ्या मोटारींचे काम शेवंताकडे सोपवले, आणि ढकलायला आलेल्या चार गड्यांना दहावा बल्ब घेऊन भैरोबाच्या देवळाकडे पिटाळले.