खांबावरचा वीजरोधक

विजेच्या खांबांवरही गप्पा चालत, त्या काळची गोष्ट. डोंगराजवळच्या गावात एका खांबावर ट्रान्सफॉर्मर आणि आभाळातून पडणारी वीज जमिनीत सोडणारा चिनीमातीचा छोटा वीजरोधक राहत होते.

"दवाखान्यातले दिवे माझ्यामुळे लागतात. तू मात्र नुसता बसून असतोस," ट्रान्सफॉर्मर त्याला टोचून बोलायचा.

"खरंय, दादा," एवढंच वीजरोधक म्हणायचा.

एका संध्याकाळी दवाखान्यात एक बाई बाळंत होत होती आणि बाहेर वादळ सुटलं. कडाडून वीज तारेवर पडली आणि ट्रान्सफॉर्मरकडे धावली. वीजरोधकाने ती स्वतःकडे ओढून घेतली आणि जमिनीत सोडून दिली. त्यात तो उभा तडकला.

"दिवे?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"लागलेत रे. बाळ रडतंय, ऐकतोस ना?" ट्रान्सफॉर्मर म्हणाला.

वीजरोधक काहीच बोलला नाही.

सकाळी वायरमन कालिंदीताईंनी त्याला हलक्या हाताने उतरवलं. "यानं अंगावर घेतली, म्हणून सगळं वाचलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवा वीजरोधक बसवला.

"दादा, मला इथं काय करायचं असतं?" नव्या वीजरोधकाने विचारलं.

ट्रान्सफॉर्मर म्हणाला, "ते करायची वेळ तुझ्यावर कधी न येवो, बाळा. तू जवळ आहेस, एवढं मला पुरे."