कारभाऱ्यांची सदर पायथ्याला

शिधा मिळेल, पण स्वतः कारभाऱ्यांच्या सदरेपुढे हजर व्हायचं! आणि सदर तर गडाच्या माथ्यावर! महाराजांनी अट घातली, आणि तीही कोणाला? चाकरीत म्हातारे झालेल्यांना, लंगड्या-पांगळ्यांना! महाराजांचा हुकूम एकदा सुटला की देव आला तरी फिरायचा नाही.

त्र्यंबकपंत कारभाऱ्यांचं फावलं. कोणी धापा टाकत वर पोचला, की ते मिशीला पीळ देत म्हणत, "चढून आलास? म्हणजे धडधाकट आहेस. नीघ!" जो पोचलाच नाही, तो गैरहजर. कोठार भरलेलं, आणि महाराजांना सांगायला पंत मोकळे, "राज्यात गरजू उरलाच नाही!" महाराजही खूश. एकापेक्षा एक अकलेचे कांदे!

जन्मभर गडावर नगारा वाजवलेला सटवाजी घडशी पायथ्याच्या झोपडीत पडून होता. तोफेच्या गाड्याखाली त्याचा पाय गेलेला, घरात दाणा नाही. शेवटी त्याची लेक अंबू तरातरा सदरेवर गेली. महाराजही तिथेच बसले होते.

"बाप कुठाय?" पंतांनी विचारलं.

"खाली. त्याला चढवत न्हाई. पाठुंगळी घेऊन येऊ?"

"छट्! दुसऱ्याच्या खांद्यावरून आलेला हजर धरत नाहीत."

"असं व्हय? मग तुमीबी रोज गैरहजरच की! चार भोई पालखीतनं वर आणत्यात तुमास्नी. चढवत नसंल तर सांगा, तुमच्यासाठीबी शिधा मागते!"

सदर खो खो हसली. पंत लालबुंद झाले. "मी पांगळा? अगं, विडा चघळत चढेन हा गड!"

महाराजांना गंमत हवीच होती. "होऊन जाऊ द्या, पंत!"

सगळे खाली उतरले. उतरताना पंतांची ऐट काय वर्णावी! पण चढायला लागले आणि थोड्याच पायऱ्यांवर त्यांनी फतकल मारली. "पालखी! अरे, पालखी आणा!"

अंबू आडवी आली. "पालखीत बसलात तर पांगळे! मग कारभार सोडा आन् आमच्यात या!"

पंतांनी आलेली पालखी हातानेच थांबवली आणि पायरीवरच बसून राहिले. अंबूने झोपड्यांकडे तोंड करून हाळी दिली. काठ्या टेकत, एकमेकांना धरत सगळे आले. सटवाजी हातांवर सरपटत आला.

"महाराज, समदे हजर! गड कुणीबी चढलेलं न्हाई. आता धडधाकट कुणाला म्हनायचं?"

"पण सदर वर आहे!" पंत ओरडले.

"मोहिमेवर झाडाखाली बसता, तवा त्यालाबी सदरच म्हनता न्हवं? कारभारी बसंल ती सदर! आन् महाराजांचा हुकूम काय फिरत न्हाई!"

महाराज पोट धरून हसले. "पोरीनं आमचा शब्दही राखला आणि आमची जिरवलीही! पंत, आजपासून सदर इथंच. अंबू, शिध्याचं माप तुझ्या हाती, आणि आमच्या हातातलं हे कडंही तुझंच!"

पालखी वर गेली ती धान्याची पोती घेऊन आली. पहिलं माप सटवाजीच्या पदरात पडलं. घाम पुसत भोई म्हणाले, "चार पोती हायेत, तरी आज पालखी हलकीच लागली!"