बांबूवरची घागर

“मग खाली यायचं कुणी, महाराज? आम्हीच का?”

दयाळगिरी महाराज पाण्यावर वाकले होते. नदीत घागर बुडवत राहिले. मूळचे धुळ्याकडचे, पण तीस वर्षं या सीमेवरच्या मठीतच.

विचारणारा केळुसकर इंजिनियर काठावरच्या दगडावर बसला. त्याचं वीजघर अलीकडच्या तीरावर, तिथल्या इंजिनियरचं, टेकबहादूरचं, पलीकडे नेपाळात. मधली नवी तार ओढून झाली होती. आज जोडायची होती.

“सकाळपासून तीनदा जोडली, तीनदा खटका उडाला. दोन्हीकडची यंत्रं एका ठेक्यात फिरल्याशिवाय तार जुळत नाही. आमचा ठेका सेकंदाला पन्नास. चोख! त्याचा एकोणपन्नासाला रखडतो. मी म्हटलं, वर ये. तर फोनवर म्हणतो, दाजू, तुम्हीच जरा खाली या.”

“दाजू म्हणजे?”

“थोरला भाऊ.”

“हं…”

“म्हणे, थंडीनं त्यांचं वीजघर चालवणारा ओढा आटलाय. आणि तिथल्या दवाखान्यात काल अपुऱ्या दिवसांचं बाळ आलंय. काचेच्या पेटीत ठेवलंय. वीज मंदावली की पेटीतली ऊब जाते…” केळुसकरची मान खाली गेली. “पण माझा पन्नास बरोबर आहे, महाराज!”

“बरोबर आहे, बाबा. … घागरीला हात लावतोस?”

घागर बांबूला मधोमध अडकवली. पुढचं टोक केळुसकरने खांद्यावर घेतलं, मागचं म्हाताऱ्याने. मठी चढावर होती.

केळुसकर झपझप निघाला. दहा पावलांत घागर हिंदकळली. गार पाणी त्याच्या टाचांवर सांडलं.

“पाय उचला की, महाराज!”

मागून नुसती धाप ऐकू आली.

पुन्हा हिंदकळली. घागर अर्धी झाली.

तो चिडून वळला आणि त्याला म्हाताऱ्याचे पाय दिसले. अनवाणी, सुजलेले. चढावर थरथरत होते.

घागर त्याने बांबूवरून हळूच आपल्या बाजूला सरकवून घेतली. मग मागच्या पावलाचा आवाज ऐकत, त्याच्याबरोबर एकेक पाऊल टाकू लागला.

थेंब सांडला नाही.

दारात घागर उतरवल्यावर तो त्या पाण्याकडे बघत राहिला.

“टेकबहादूरकडे वर यायला पाणीच नाही…” तो पुटपुटला. “मी यंत्र जरा धीमं केलं, त्याच्याशी ठेका जुळला, की तार जोडायची. मग भार मी घ्यायचा. दोघं मिळून पन्नासावर जाता येतं. महाराज, हे मी हाताखालच्या पोरांना शिकवलंय हो!”

“बस, चहा टाकतो.”

“नको, नको!” केळुसकर उतारावरून धावत सुटला.

“अरे थोरल्या!” म्हाताऱ्याने मागून हाक मारली.

तो थबकला.

“हळू जा… पलीकडे बाळ निजलंय.”