भिवरा कुंभारणीच्या पाटीची कहाणी

ऐका शारदे, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं. नगर म्हणावं एवढं मोठं नव्हतं, राज्य गोऱ्या साहेबाचं होतं. तिथं भिवरा नावाची कुंभारीण राही. तिला माहेरचं पत्र आलं. गावात वाचणारं कोणी नाही. चार दिवसांनी शेजारगावच्या बाजारी वाचून घेतलं, तों कळलं, आई आजारी आहे, भेटायला ये. मग ती धावत गेली. तिथं आईचा तेरावा चालला होता.

भिवरा पोटभर रडली, मग पदर खोचून उठली. गावाला शाळा द्या म्हणून पाटलाला विनवलं, मामलेदाराला विनवलं, शाळा तपासणाऱ्या साहेबाला विनवलं. साहेबानं एक पंतोजी दिला, वीस पाट्या दिल्या. म्हणाला, "चार महिन्यांनी येईन. वीस मुलं लिहिताना दिसली तर शाळा राहील, नाही तर उठेल."

बायांना कोण आनंद झाला! त्यांनी पाट्यांना हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली, देव्हाऱ्यात बसवल्या. मग लिहायचं कशावर? देवीच्या अंगावर रेघोट्या ओढायच्या, थुंकी लावून पुसायच्या, हे पाप करणार कोण? एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. लेकरं शाळेत हात बांधून बसत, पाट्या घरी नैवेद्य खात. पंतोजींनी कपाळाला हात लावला.

साहेब यायला महिनाच उरला, तशी भिवरा उठली. ती बायांना म्हणाली, "आम्ही माती पायांनी तुडवतो. तुडवल्यावाचून घट होत नाही, आणि त्याच घटाला तुम्ही नवरात्रात हात जोडता. पाटीचंही तसंच. कोप झाला तर माझ्यावर होऊ दे." मग तिनं आपल्या देव्हाऱ्यातली पाटी काढली. पाटी लेकीच्या मांडीवर दिली, आणि शेजारी बसून आपणही गिरवू लागली.

बायांनी विचारलं, हा वसा कसा घ्यावा? भिवरा म्हणाली, "सकाळी उठावं, पाटी उतरवावी, लेकराला द्यावी. अक्षर काढू द्यावं, पुसू द्यावं, पुन्हा काढू द्यावं. हळदकुंकू दिवेलागणीला." घरोघर तसं झालं.

साहेब आला. मोजता मोजता एकोणीस भरले. विसावं लेकरू तापानं फणफणलं होतं. साहेबानं कागद मिटला. पंतोजींचं तोंड उतरलं. तेव्हा भिवरा चिखलाच्या हातांनीच रांगेत बसली. त्या आजारी लेकराची रिकामी पाटी मांडीवर घेतली, सावकाश आपलं नाव लिहिलं. पंतोजी म्हणाले, "साहेब, हीही माझीच विद्यार्थिनी."

साहेबानं पाटीवरचं नाव वाचलं. मग कागद उलगडला आणि वीस लिहिलं.

जशी शारदा भिवरेला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ही शंभर अक्षरांची कहाणी एका पाटीवर सुफळ संपूर्ण.