गारांमधली वाट

खडकवंडीच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या अलीकडे, याकोबबाबा राहत. धाब्याची एक ठेंगणी खोली, दारात शेवग्याचे झाड, आत एक घोंगडी नि एक एकतारी, एवढाच त्यांचा संसार. प्रभू येशूचे नाव गात बाबा वाड्यावस्त्यांवरून हिंडत. कोणी दुखणेकरी असो, कोणी सासरहून रुसून आलेली असो, बाबांच्या ओट्यावर टेकले की जीव निवत असे.

बाबांच्या खोलीसमोर, हाकेच्या अंतरावर, गावातल्या ख्रिस्ती मंडळींचे देऊळ होते. तिथली झाडलोट सारूबाई करी. विधवा बाई, मोठी भाविक. पण एक गोष्ट बिचारीच्या हाती नव्हती. आभाळात वीज चमकली की ती लटपटू लागे. आणि का नाही लटपटणार? सहा वर्षांपूर्वी नवऱ्याची भाकरी घेऊन ती बांधावर पोचली, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत बाभळीखाली त्याच्यावर वीज कोसळली होती. तेव्हापासून ढग गडगडले की कानांवर हात ठेवून ती मोठ्याने म्हणे, "येशूबाबा, मी हितं हाय! मी हितं हाय!" मग उपासना चालू असो की नसो.

शमुवेल मास्तरांना हे मुळीच खपत नसे. शाळा तेच चालवत, उपासनाही तेच. माणूस कामाचा, वाईट नव्हे. पण आपल्यासारखा विश्वास पंचक्रोशीत कोणाचा नाही, हे त्यांना स्वतःलाच फार लवकर कळले होते! "ज्याला भीती, त्याचा विश्वास कच्चा," असे सारूबाईकडे पाहत ते म्हणत आणि लोक हसत. त्या चैत्रात तर त्यांनी तिला सरळ बजावले, "सारूबाई, रविवारी हंगामाचा सण आहे. बाहेरगावचे पाहुणे येणार. आभाळाचा काही भरवसा नाही, तुझं ओरडणं नको. तू आपली बाहेर पायरीवर बस."

ज्या देवळाची जमीन तिने वर्षानुवर्षे सारवली, त्याच्या आत तिला जागा नव्हती. ती रडत बाबांकडे आली.

"बाबा, माझा इस्वास खरंच कच्चा हाय का वो?"

बाबा म्हणाले, "भ्यालीस म्हणजे हाक कुणाला मारतेस?"

"येशूबाबाला."

"मग झालं की! लेकरू भ्यालं म्हणजे आईलाच हाक मारतं, शेजारणीला नाही." आणि हळूच म्हणाले, "एक सांगू? वीज कडाडली की माझ्याही पोटात गोळा येतो."

एवढे मोठे बाबा, आणि वीज कडाडली की भितात! सारूबाईला रडता रडता हसू फुटले. कितीतरी दिवसांनी तिला हलके वाटले.

रविवार उजाडला. देवळावर नवे पत्रे चढले होते. सुतार सांगत होता, "मास्तर, खिळे निम्मेच बसलेत, सण पुढच्या आठवड्यात घ्या." पण पाहुण्यांना आवतण गेले होते. मास्तर म्हणाले, "देवाचं घर आहे, त्याला काय होतंय?"

दुपारी मास्तरांचा उपदेश रंगात आला आणि पश्चिमेकडून आभाळ काळेठिक्कर होऊन आले. वावटळ उठली. पत्रे थडथडू लागले. पहिली वीज कडाडली तशी पायरीवरची सारूबाई ताडकन उठली आणि बाबांच्या खोलीकडे धावत सुटली. आत कोणीतरी फिदीफिदी हसले.

"जाऊ द्या तिला," मास्तर गरजले. "कोणी जागचं हलायचं नाही. खरा विश्वास पळत नसतो!"

तेव्हा मागच्या ओळीतून बाबा उठले. म्हणाले, "मास्तर, ती एकटी आहे आणि भ्यालेली आहे. प्रभू इथे बसून राहिले नसते. चला रे सगळे, तिच्याजवळ बसून गाऊ."

लोकांनी मास्तरांकडे पाहिले, बाबांकडे पाहिले आणि एकेक करून सारे बाबांमागे निघाले. मास्तर मात्र हटून बसले. रिकाम्या बाकांपुढे एकटेच उभे राहून ते मोठ्याने शास्त्र वाचू लागले.

त्या ठेंगण्या खोलीत तीस माणसे कशी मावली ते देव जाणे! कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या सारूबाईभोवती बायका दाटीने बसल्या. बाबांनी एकतारी छेडली आणि बाहेर गारा सुरू झाल्या. साध्यासुध्या नव्हेत, लिंबाएवढ्या! गारा थांबाव्यात म्हणून एका म्हातारीने जुन्या रीतीप्रमाणे अंगणात कुऱ्हाड फेकली. बाबा म्हणाले, "आजी, उद्या सरपण फोडायला लागंल ती!" तेवढ्या गडबडीतही लोक हसले.

इतक्यात कानठळ्या बसवणारा आवाज झाला. देवळाचे पत्रे पत्रावळीसारखे उडाले आणि आढे आत कोसळले.

"अवं, मास्तर आत हायेत!" मास्तरांच्या बायकोने हंबरडा फोडला.

दोघे तरणे गडी दाराबाहेर झाले, पण कपाळमोक्ष होण्याची वेळ आली तसे मागे फिरले. मग कोपऱ्यातून सारूबाई उठली. असल्या आभाळाखाली एकटे असणे म्हणजे काय, हे तिच्याइतके त्या खोलीत कोणाला ठाऊक होते?

"बाबा, मास्तर एकलेच हायेत वो."

बाबांनी एकतारी ठेवली. "चल. पण माझा हात सोडू नकोस, मला भीती वाटते."

"मला बी," सारूबाई म्हणाली, आणि दोघे हातात हात घालून, डोक्यावर काही न घेता, त्या माऱ्यात शिरले.

सारूबाईने डोळे गच्च मिटले होते. "येशूबाबा, मी हितं हाय!" ती ओरडत होती, आणि तिच्याबरोबर बाबाही तेच ओरडत होते. आता डोक्यात गार बसेल, मग बसेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. एकही बसली नाही. तिने डोळे उघडले. काय प्रभूची करणी! डावीकडे गारा, उजवीकडे गारा, आणि पायांखाली नुसती ओली काळी माती.

देवळात मास्तर एका वाशाखाली पाय अडकून पडले होते. दातखीळ बसायची तेवढी राहिली होती. सारूबाईने वाशाला खांदा लावला, बाबांनी मास्तरांना ओढून काढले. मास्तरांनी बुडत्याने धरावा तसा तिचा हात घट्ट धरला आणि बाबांच्या खोलीत शिरेपर्यंत सोडला नाही. ते उंबऱ्याच्या आत आले मात्र, मागे देवळाची भिंत खाली आली!

घटकाभराने ऊन पडले. लोक बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. सारे रान गारांनी पांढरे झाले होते. फक्त बाबांच्या दारापासून देवळापर्यंत एक काळी वाट उरली होती. जाताना दोघे गेले होते, येताना तिघे आले होते. वाट नेमकी तिघांपुरती होती.

मास्तर लंगडत बाबांसमोर आले आणि वाकले. बाबा झटकन मागे सरले.

"माझ्यापुढे कशाला? मी तर तिच्या आधाराने गेलो."

मास्तर वळले. साऱ्या पाहुण्यांदेखत त्यांनी सारूबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"अवं, उठा मास्तर," ती संकोचून म्हणाली, "पाय चिखलानं भरलेत माझे."

"भरू देत, बाई," मास्तर म्हणाले. "त्याच पायांनी तू माझ्यापर्यंत आलीस." आणि कितीतरी वेळ ते उठलेच नाहीत.