लॉरीवर बसून आलेली लाल गाडी

आनंदराव सरकारांना लाल गाडी हवी होती आणि तिच्या बदल्यात ते सुपारीची बाग द्यायला निघाले होते. बाग त्यांचीच, पण तिच्यात राहत होती भागी. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मासे साफ करायचे आणि उरलेल्या वेळात सुपारीला पाणी घालायचं, हा तिचा सासूच्या काळापासूनचा क्रम. सौदा झाला की बागेतलं तिचं खोपट गेलंच म्हणायचं.

माडशेतचं संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, सरकारांचा हट्ट तेवढा शिल्लक होता. तशी गाडी त्यांनी एका कॅलेंडरावर पाहिली होती. जमिनीला टेकलेली, दारं पंखांसारखी वर उघडणारी. खरी घ्यायची तर अख्खं माडशेत दोनदा विकावं लागलं असतं. म्हणून धुमाळेशेठ नावाचा दलाल तिची वापरलेली नक्कल लॉरीवर चढवून घेऊन आला आणि अंगणात उतरवून तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“वरचं कवच नकली, सरकार. हे मी तोंडावर सांगतो. पण आतलं इंजिन अस्सल परदेशी. शर्यतीत धावलेलं!”

“मग झाकण उघडून दाखवा की.”

“उघडलं असतं हो. पण कारखान्याचं सील आहे. मोडलं की हमी संपली.”

मग सरकारांनी गाडी पारखायला घेतली. म्हणजे टायरला लाथ मारली आणि अंगठा ठणकला म्हणून टायर मजबूत आहे असं ठरवलं. टपावर टकटक केली, तर प्लॅस्टिकच्या बादलीसारखा आवाज आला. “वजनाला हलकी,” शेठ म्हणाला. दार वर गेलं ते खाली येईना. दोघांनी लोंबकळून ते खाली आणलं. “झिजलेली नाही ना, म्हणून घट्ट,” शेठ म्हणाला. आत मोगऱ्याचं अत्तर इतकं फवारलं होतं की सरकारांना लागोपाठ चार शिंका आल्या. पण वेगाचा काटा तीनशेवीसपर्यंत जाणारा होता, आणि तो पाहून सरकार विरघळले.

तेवढ्यात राजवाड्याचा बोका आला. त्याचं नाव सुभेदार. सरकार आले तरी गादीवरून न उठणारा हा प्राणी गाडीच्या नाकाखाली शिरला आणि डोळे मिटून गुरगुरायला लागला.

“बघा, सुभेदारालासुद्धा आवडली!” सरकार म्हणाले.

भागी विळी धुवायला बाहेर आली होती. तिने बोक्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या लॉरीकडे पाहिलं.

“सरकार, एक विचारू? एवढी पळणारी गाडी, मग लॉरीवर बसून कित्याक इली?”

“रंग ताजा आहे, रस्त्यावर धूळ बसते,” शेठ घाईने म्हणाला.

“धूळ बसता तर मग ती पळतली खंय? देवघरात?”

सरकारांचा पारा चढला. “भागे, जीभ फार चालते तुझी. गाडी खोटी म्हणतेस, तर सिद्ध कर. झाकण उघडायचं नाही. हात लावायचा नाही. आत बसायचं नाही. आणि शेठना एकही प्रश्न विचारायचा नाही. जमलं तर बाग तुझी. नाही जमलं तर संध्याकाळपर्यंत खोपट रिकामं कर!”

या गाडीपायी आपलं घर जाणार, या विचाराने भागीला रडूच येत होतं. पण सुभेदार अजून गुरगुरत होता. ती पदर खोचून म्हणाली, “चालतला. माझा म्हणणा एवढाच. फाटक उघडा ठेवा आनि शेठांका गाडी चालू करून दोनदा हॉर्न वाजवूक सांगा.”

“आनंदाने!” म्हणत शेठ आत बसला. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पेटली. फट् फट् फट् फट्! मग हॉर्न वाजला. पोंऽऽ पोंऽऽ!

“शर्यतीचा आवाज, सरकार!” शेठ आतून ओरडला.

पहिलं मांजर देवळाच्या भिंतीवरून आलं. दोन पोस्टाच्या कौलांवरून उतरली. मग गटारातून, माडाआडून, शाळेच्या खिडकीतून शेपट्या वर करून मांजरं येतच राहिली. भागीने मोजली, सतरा भरली. सगळी गाडीच्या मागे ओळीत बसली आणि वर तोंड करून ओरडू लागली.

त्यांच्यामागून पोस्टमनची बायको पातेलं घेऊन धावत आली. “पास्कू, आज उशीर केलंस मरे! बांगडे असत की नाय?”

तिच्यामागे डॉक्टरीणबाई ताट घेऊन. “मला अर्धा किलो तारल्या. ताज्या असतील तरच.”

शेठ इंजिन बंद करायला धडपडत होता, पण ते बंद होईना.

“हा काय प्रकार आहे?” सरकारांनी विचारलं.

“सरकार, दहा वर्सां आपल्याकडे मासे पास्कूच्या टेम्पोतून इले. शिमग्याक त्येना तो भंगारात इकलो. त्येच्या नव्या गाडयेचो आवाज मांजरांका अजून कळना नाय. जुनो कळता.”

“सरकार, मांजरांचं काय ऐकता?” शेठ केविलवाणा होऊन म्हणाला.

भागी सरकारांकडेच बघत म्हणाली, “माणसाक अत्तर मारून फसवूक येता, सरकार. सतरा मांजरांका एकदम फसवूक येना नाय.”

सरकारांनी स्वतः झाकण उघडलं. सील म्हणजे नुसती चिकटपट्टी निघाली. आत सगळीकडे माशांचे खवले चिकटले होते, आणि एका पत्र्यावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, ‘पास्कू मासेवाला’.

सरकार क्षणभर गाडीइतकेच लाल झाले. मग त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते पोट धरून हसायला लागले. “शेठ, या बायका भांडी घेऊन खोळंबल्यात. बंदरावर जा आणि तुमच्या खर्चाने सगळ्यांना मासे आणून द्या. मांजरांनाही. गाडी वेगवान आहे ना तुमची?” मग डोळे पुसत ते भागीकडे वळले. “बाग तुझी, भागे. कागद उद्या करू.”

“आजच करा, सरकार,” भागी म्हणाली. “उद्या कोणतरी विमान घेऊन येतलो.”

सरकार इतके हसले की त्यांना गाडीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी दौत-कागद मागवला, लाल झाकण लावून त्यावर कागद ठेवला आणि तिथल्या तिथे सही ठोकली. कागद भागीने पदरात बांधला. झाकणावर मात्र सरकारांच्या सहीचा खड्डा पडला.