गाण्याचा ताळा

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की त्या राज्यातल्या राजाचे नावही आता कुणाला ठाऊक नाही. त्याच्या कोठारातले धान्य मोजणाऱ्या यंत्रांचे नाव मात्र दूरवर झाले होते.

ही यंत्रे घाटाखालच्या गावात, मुद्गल नावाच्या कारागिराकडे तयार होत. आत पितळेची दातेरी चाके आणि बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की बेरीज समोरच्या खिडकीत येई. मुद्गलच्या घराची एक रीत होती. उत्तर आले की दांडा उलटा फिरवून ताळा पाहायचा. ताळा जुळला तरच यंत्र पुढची बेरीज घेई, नाहीतर अडून बसे. त्यामुळे राजाच्या कोठारात पसाभर दाण्यांचीही चूक होत नसे.

"ताळ्याशिवाय आमच्या दारातून काही बाहेर पडत नाही," असे मुद्गल छाती फुगवून सांगे. आणि ते खरेही होते.

मुद्गलची धाकटी बहीण कालिंदी मिठाचे बैल घेऊन घाट ओलांडणाऱ्या तांड्याची म्होरकी होती. घाटात एके ठिकाणी वाट इतकी अरुंद, की बैलामागे बैल असेच जावे लागे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे बैल बिथरू नयेत म्हणून तांड्यापुढे एक म्हातारी गात चाले आणि तिच्या लयीवर बैल निमूट पावले टाकत. त्या वर्षी म्हातारीचा आवाज बसला, तो बसलाच.

कालिंदी भावाकडे आली. "दादा, तुझी चाके बेरजा करतात. त्यांना गाता येईल का रे? पण पेटी कमरेला बांधता आली पाहिजे."

"बेरीज येते त्याला गाणे काय अवघड?" मुद्गल म्हणाला.

बोलल्याप्रमाणे त्याने करूनही दाखवले. पानाच्या डब्याएवढी पेटी, आत खिळ्यांचा गोल आणि बारीक तारा, बाहेर यंत्रासारखाच दांडा आणि आकड्यांची खिडकी. चावी दिली की गाणे सुरू. ऐकायला सारा गाव लोटला. म्हातारी तर डोळे पुसत राहिली, कारण तिचीच गाणी मुद्गलने त्यात भरली होती.

कालिंदीने हौसेने पेटी कमरेला बांधली. एक गाणे झाले आणि पेटी गप्प झाली.

"का रे थांबली?"

"ताळा मागतेय. दांडा उलटा फिरव, खिडकीतला आकडा जुळव, की पुढचे गाणे लागेल."

"गाण्याला कसला आलाय ताळा, दादा?"

"घराची रीत आहे. ताळा नाही, तर भरवसा नाही."

"अरे, घाटात माझा एक हात कासऱ्याला आणि एक कड्याला असतो. तिसरा कुठून आणू?"

"होईल सवय," मुद्गल म्हणाला. काम दुसऱ्याने करायचे असले, की त्याला सवय होईल याची आपल्याला फार खात्री असते.

कालिंदीने पेटी सोडून त्याच्याच कमरेला बांधली. "मग तू चल. पुढचा बैल तुझ्या हाती."

मुद्गलला त्यात काही कठीण वाटले नाही. त्याने पेटी तपासली होती ती बैठकीवर, लोडाला टेकून, दोन्ही हात मोकळे ठेवून. रुंद वाटेवरही सगळे झकास चालले. गाणे संपले की तो ऐटीत ताळा जुळवी आणि मागे वळून बहिणीकडे पाही.

मग ती अरुंद वाट आली. बरोबर मध्यावर गाणे संपले. पुढचा बैल थबकला, त्याने कान टवकारले. मागची सारी रांग थांबली. बैल जागच्या जागी वळू लागला.

"दादा, तूच गा! कसेही गा, पण गा!" मागून कालिंदी ओरडली.

पण जन्माची सवय मोठी असते. मुद्गलने कासरा सोडला, दोन्ही हातांनी पेटी धरली आणि मान खाली घालून आकडा जुळवू लागला. ताळा अगदी बिनचूक जुळला. पेटी गाऊ लागली. तोवर बैल मिठाच्या गोण्यांसकट दरीत गेला होता.

कालिंदीने आपल्या भसाड्या आवाजात गाणे धरले. मागच्यांनी तिला साथ दिली आणि उरलेले बैल पार झाले.

वर माळावर तांडा टेकला. मुद्गलला कुणी एका शब्दाने बोलले नाही, आणि त्याचीच त्याला फार लाज वाटली. शेवटी तोच म्हणाला, "कालिंदी, पेटीत काही बिघाड नव्हता गं."

"नव्हता ना. म्हणून तर भीती वाटते. दादा, कोठारातली चुकलेली बेरीज पुन्हा करता येते," एवढेच ती म्हणाली आणि बैलांना पाणी दाखवायला उठली.

मुद्गल घरी आला. पेटीतला ताळा काढून टाकायला त्याला एक दुपार पुरली. तसे करायचे मनाशी ठरवायला मात्र सारा पावसाळा गेला. पेटी घेऊन तो धावत घाटाच्या पायथ्याशी पोहोचला, तेव्हा तांडा चढणीला लागला होता. माणसे पाळीपाळीने गात होती, बैल पावले टाकत होते. पेटी आता कुठेच अडत नव्हती, पण तिला कमरेला बांधणारे कुणी उरले नव्हते.

लहानांनी आणि थोरांनी यातून घ्यायचे ते इतकेच: एका कामात नाव मिळवून देणारी रीत दुसऱ्या कामात घात करू शकते, म्हणून नवे काम हाती घेताना आधी आपली जुनी सवय तपासावी.